इथिलीन आलं कुठून? एका ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचं प्रकरण

तेलात विरघळलेल्या वायूंच्या वार्षिक तपासणीच्या रिपोर्टखाली प्रयोगशाळेने दोन ओळींचा शेरा मारला होता. 'तेलात ७०० अंशांहून जास्त तापमानाचा दोष. कागदी इन्सुलेशन तापत असल्याची शक्यता.' पहिली ओळ खरी निघाली. दुसरी एका बुडबुड्याने लिहवून घेतली होती, आणि ते कळायला आम्हाला आठवडा गेला.

ट्रान्सफॉर्मर १३२/३३ केव्ही, ५० एमव्हीएचा. टाकीत सुमारे २४,००० लिटर खनिज तेल, वर काँझर्व्हेटर (फुगणारं-आकसणारं तेल सामावून घेणारी छोटी टाकी) आणि सिलिका जेलचा ब्रीदर (आत येणारी हवा कोरडी करणारा). १३२ केव्हीच्या बाजूला १७ टॅपांचा ऑन-लोड टॅप चेंजर होता, म्हणजे लोड चालू असतानाच वाइंडिंगचे वेढे कमी-जास्त करून व्होल्टेज जुळवणारी यंत्रणा. प्रवाह एका टॅपवरून दुसऱ्यावर नेणारा त्याचा डायव्हर्टर स्विच स्वतःच्या वेगळ्या बंद डब्यात, पण टॅप निवडणारा सिलेक्टर मुख्य टाकीच्याच तेलात बुडालेला. ही रचना ध्यानात असू द्या, पुढे तिच्यावरच सगळं येऊन ठेपतं. उपकेंद्र कुठलं, कंपनी कोणती याने काही बिघडत नाही, म्हणून ते सांगत नाही. आकडे वाचायला सोपे जावेत म्हणून थोडे गोल केले आहेत.

सगळे नमुने एकाच तक्त्यात मांडतो. आकडे पीपीएममध्ये, म्हणजे तेलाच्या दहा लाख भागांत वायूचे किती भाग. कोणता आकडा कधी हाती आला हे ओघात येईलच.

| वायू (पीपीएम) | मागच्या वर्षी | यंदा, पहिला नमुना | ६ दिवसांनी, दुसरा | त्यानंतर १४ दिवसांनी, जास्त लोडवर | आणखी १४ दिवसांनी, निम्म्या लोडवर |
|---|---|---|---|---|---|
| हायड्रोजन | १८ | ४३ | ९५ | ११२ | ११३ |
| मिथेन | १२ | १४५ | १८० | २१९ | २२५ |
| इथेन | ९ | ५२ | ५८ | ७० | ७२ |
| इथिलीन | १४ | २५५ | २९० | ३५२ | ३६१ |
| ॲसिटिलीन | ०.५ | ४ | ४ | ५ | ५ |
| कार्बन मोनॉक्साइड | ३१० | २३२ | ३३५ | ३३६ | ३३८ |
| कार्बन डायऑक्साइड | ३१०० | ३१८५ | ३३५० | ३३८० | ३४०० |

पहिला रिपोर्ट काय म्हणत होता

या तपासणीमागचं रसायन थोडक्यात असं. खनिज तेल म्हणजे हायड्रोकार्बनच्या साखळ्या. उष्णतेने त्या तुटतात, तुकडे पुन्हा जुळतात आणि कुठला वायू तयार होणार ते तापमान ठरवतं. बेताच्या तापात मिथेन आणि इथेन येतात. ५०० अंशांच्या पुढे इथिलीन वरचढ होतं. ॲसिटिलीन भरीव प्रमाणात यायला ८०० ते १२०० अंश लागतात, म्हणजे बहुतेक वेळा आर्कच. कागदाची गोष्ट वेगळी. तो सेल्युलोज, त्याच्या रेणूत मुळातच ऑक्सिजन, त्यामुळे कागद भाजला की कार्बन मोनॉक्साइड आणि कार्बन डायऑक्साइड निघतात. हे सगळे वायू तेलात विरघळून राहतात. तेल म्हणजे टाकीच्या आत बसलेला साक्षीदार, फक्त त्याला नीट बोलतं करावं लागतं.

डुवल त्रिकोणात तीनच वायू घ्यायचे: मिथेन, इथिलीन, ॲसिटिलीन. मिशेल डुवल यांनी हायड्रो-क्वेबेकमध्ये १९७०च्या दशकात ही पद्धत बसवली आणि आजही कुठल्याही प्रयोगशाळेत पहिली नजर तिथेच जाते. पहिल्या नमुन्यात तिघांची बेरीज ४०४. त्यात मिथेन ३६ टक्के, इथिलीन ६३ टक्के, ॲसिटिलीन जेमतेम १ टक्का. बिंदू सरळ टी३ या भागात पडतो, म्हणजे ७०० अंशांच्या वरचा औष्णिक दोष. आयईसी ६०५९९ या आंतरराष्ट्रीय मानकातली गुणोत्तरंही तेच सांगत होती. ॲसिटिलीन भागिले इथिलीन ०.०२च्या आत, मिथेन भागिले हायड्रोजन १च्या बरंच वर, इथिलीन भागिले इथेन जवळपास ५. दोन पद्धती एकमेकींशी भांडत नसल्या की दोषाच्या जातीबद्दल शंका घेण्यात अर्थ नसतो.

भांडण होतं ते जागेबद्दल. कार्बन डायऑक्साइड भागिले मोनॉक्साइड हे गुणोत्तर १३.७ आलं होतं. ते ३च्या खाली गेलं तर कागद करपत असल्याचा संशय घ्यायचा आणि १०च्या वर गेलं तर कागद मंद आचेवर तापतोय असं समजायचं, असा जुना ठोकताळा आहे. प्रयोगशाळेचा दुसरा शेरा त्याच्यावरच बेतलेला होता. आमच्या बैठकीत त्यावरून लगेच दोन तट पडले. एकांचं म्हणणं, वाइंडिंग ओव्हरलोड झालंय, कागद गेला, आता फ्युरान (कागद खराब होताना तेलात उतरणारी रसायनं) तपासा. दुसऱ्यांचं म्हणणं, टॅप चेंजरच्या डब्यातलं तेल मुख्य टाकीत झिरपतंय.

झिरपण्याचा मुद्दा दोन मिनिटांत निकालात निघाला. डायव्हर्टरमध्ये प्रत्येक टॅप बदलताना आर्क होतो, त्यामुळे त्या डब्यातलं तेल ॲसिटिलीनने भरलेलं असतं. ते टाकीत आलं तर ॲसिटिलीन हायड्रोजनच्या दुपटी-तिपटीने दिसतं. इथे ते दहावा हिस्साही नव्हतं.

कागदाचा मुद्दा मात्र लोंबकळत राहिला. मला खटकत होता तो वेगळाच आकडा. कार्बन मोनॉक्साइड मागच्या वर्षी ३१० होता, यंदा २३२. वर्षभरात तेल गाळलेलं नाही, बदललेलं नाही, डीगॅस केलेलं (विरघळलेला वायू काढून टाकलेलं) नाही. बाकी सगळे वायू वाढले आणि हा एकटाच पाऊणपट झाला? ब्रीदरमधून श्वास घेणाऱ्या टाकीतून थोडाफार वायू वर हवेत जातो हे खरं, पण ते दर वर्षीच घडतं. आधीच्या तीन वर्षांत हा आकडा हळूहळू वरच सरकला होता. जो घसरायला नको तो आकडा घसरला की आधी ट्रान्सफॉर्मरकडे नव्हे, सिरिंजकडे बघावं.

सिरिंज

नमुना कोणी, कसा घेतला याची चौकशी केली. घेणारा तंत्रज्ञ प्रामाणिक निघाला. "साहेब, थोडा हवेचा फुगा राहिला होता. वाटलं, तेवढ्याने काय होतंय?"

तेवढ्याने काय होतं हे मोजता येतं, आणि ज्या कोणी नमुने घेतले असतील त्यांनी एकदा तरी हा हिशेब हाताने करून पाहावा. प्रत्येक वायूची तेलात राहण्याची ओढ वेगळी असते. २० अंशांना खनिज तेलात ओस्टवाल्ड गुणांक (समतोलाला तेलातल्या आणि फुग्यातल्या वायूच्या प्रमाणाचं गुणोत्तर) असे: हायड्रोजन ०.०५, कार्बन मोनॉक्साइड ०.१२, मिथेन ०.४३, कार्बन डायऑक्साइड १.०८, ॲसिटिलीन १.२०, इथिलीन १.७०, इथेन २.४०. गुणांक लहान असला की वायूला तेलापेक्षा फुग्यात जाणं जास्त आवडतं. ५० मिलीच्या सिरिंजमध्ये ४७.५ मिली तेल आणि अडीच मिलीचा फुगा धरा. वाटेत हलून हलून दोघांत समतोल झाला, तर तेलात उरतो हायड्रोजनचा ४९ टक्के भाग, कार्बन मोनॉक्साइडचा ७० टक्के, मिथेनचा ८९ टक्के, कार्बन डायऑक्साइडचा ९५ टक्के, इथिलीनचा ९७ टक्के.

आता उलटं जा. २३२ला ०.७ने भागलं की ३३१ येतात. मागच्या वर्षीच्या ३१०च्या पुढचं एक साधं, निरुपद्रवी पाऊल. कागदाचं गुणोत्तर १३.७वरून १०च्या आसपास, म्हणजे मागच्या वर्षी होतं तिथेच. जो वायू कागदाची खबर देणार, त्याचाच तिसरा हिस्सा फुग्यात निसटला होता आणि त्या रिकाम्या जागेला आम्ही कागदाचा आजार म्हणत होतो.

सहा दिवसांनी नमुना पुन्हा घेतला, या वेळी मी शेजारी उभा होतो. खालच्या व्हॉल्व्हचं तोंड पुसून आधी लिटर-दोन लिटर तेल वाहू दिलं, कारण व्हॉल्व्हच्या नळीत महिनोन्‌महिने साचलेलं तेल टाकीतल्या तेलाची भाषा बोलत नाही. तीन तोंडांची तोटी लावून सिरिंज एकदा भरली, ते तेल टाकून दिलं, मग खरी भरली. दट्ट्या हाताने ओढायचा नसतो. ओढला की आत पोकळी तयार होते आणि विरघळलेला वायूच बुडबुडा होऊन वर येतो. तेलाच्या दाबाने तो आपोआप मागे सरकू द्यायचा. तोंड वर धरून उरलीसुरली हवा काढली, तोटी बंद केली, सिरिंज अंधाऱ्या पेटीत ठेवली, कारण उजेडाने तेलातले वायू बदलतात. लेबलवर तेलाचं तापमान, त्या वेळचा लोड, व्हॉल्व्ह कुठला हे लिहिलं. दट्ट्या अडकत नाही ना हेही पाहिलं. गरम तेल थंड होताना आकसतं आणि दट्ट्या अडकला असेल तर फुगा बाहेरून न येता आतच जन्माला येतो.

दुसऱ्या रिपोर्टमध्ये हायड्रोजन ९५, मोनॉक्साइड ३३५, गुणोत्तर बरोबर १०. कागदाचा तट गप्प झाला. इथिलीन मात्र २५५वरून २९०वर गेलं होतं आणि ही वाढ निव्वळ फुग्याच्या हिशेबात बसत नव्हती. ३ टक्के फुग्याला दिले तरी सहा दिवसांत पंचवीसएक पीपीएम खरंच तयार झाले होते. म्हणजे दोष चालू होता.

आयईसीच्या मार्गदर्शिकेत, सेवेतल्या ९० टक्के पॉवर ट्रान्सफॉर्मरांत आकडे ज्याच्या खाली राहतात अशा मर्यादा दिल्या आहेत. इथिलीनला ६० ते २८०, हायड्रोजनला ५० ते १५०. या चौकटीतून पाहिलं तर आमचं इथिलीन काठावर, हायड्रोजन निवांत. मला या तक्त्यांचा राग नाही, पण नुसत्या त्यांच्यावर विसंबणाऱ्यांचा येतो. वर्षभर २९०वर स्थिर असलेला ट्रान्सफॉर्मर आणि १४वरून २९०वर आलेला ट्रान्सफॉर्मर या दोघांना तो तक्ता एकाच रांगेत बसवतो.

बंद करायचा की नाही

आता अडचण अशी की ट्रान्सफॉर्मर बंद करता येत नव्हता. शेजारचा, त्याच बनावटीचा जोडीदार दुरुस्तीसाठी बाहेर होता आणि त्याचाही लोड हाच वाहत होता. जोडीदार परत यायला अजून दोन आठवडे होते. आमच्यातल्या एका ज्येष्ठ अभियंत्याचं स्पष्ट मत होतं की पुरवठा तोडा पण हा बंद करा. त्यांनी पूर्वी एक टाकी फुटलेली पाहिली होती आणि त्या अनुभवासमोर आकडेवारीने वाद घालणं मला जड गेलं.

शेवटी चालू ठेवायचं ठरलं, ते दोन गोष्टींच्या जोरावर. मोनॉक्साइड हलत नव्हता, म्हणजे जे तापत होतं त्याला कागद चिकटलेला नसावा. आणि ॲसिटिलीन ४वर थांबलेलं होतं. दर तीन दिवसांनी नमुना घ्यायचा आणि ॲसिटिलीन १०च्या वर गेलं किंवा मोनॉक्साइडने उडी मारली तर कोणालाही न विचारता ब्रेकर उघडायचा, असं लिहून सह्या केल्या. (या मधल्या नमुन्यांत वेगळं काही दिसलं नाही, म्हणून ते वरच्या तक्त्यात घेतलेले नाहीत.) १०चा आकडा कुठल्या मानकातून घेतला नव्हता. रात्री दोन वाजता ज्याच्यावर निर्णय घ्यायची वेळ येईल त्याच्या हाती काहीतरी ठोस असावं, एवढाच त्याचा उपयोग.

बुखोल्झ रिले या सगळ्या काळात शांत होता. "गॅस बनतोय तर बुखोल्झ का बोलत नाही?" हा प्रश्न मला तीन जणांनी विचारला. १९२१मध्ये पेटंट झालेला हा रिले तेलात न मावलेला, बुडबुडे होऊन वर येणारा वायू पकडतो. १४ दिवसांत इथिलीन ६२ पीपीएम वाढलं, म्हणजे २४,००० लिटर तेलात दीड लिटर वायू, दिवसाला सरासरी शंभर मिलीच्या थोडं वर. इतक्या मंद गतीने येणारा वायू तेल गुपचूप पिऊन टाकतं. रिलेपर्यंत काही पोचतच नाही.

त्याच वेगाने आणखी एक हिशेब केला. दिवसाला साधारण ४.४ पीपीएम, आणि मागच्या वर्षीपासून दुसऱ्या नमुन्यापर्यंतची एकूण वाढ २७६. भागाकार केला तर ६२ दिवस येतात. हा वर्षभराचा रेंगाळलेला दोष नसून दोनेक महिन्यांत पेटलेला असावा. लॉगबुक उघडलं. दुसऱ्या नमुन्याच्या वेळी जोडीदार ट्रान्सफॉर्मर बाहेर काढल्याला नऊ आठवडे झाले होते, म्हणजे ६३ दिवस. इतकं तंतोतंत जुळणं हा योगायोगही असू शकतो, वेग काही रोज सारखा नसतो. पण चौकशी कुठल्या दिशेने न्यायची ते या जुळण्याने ठरवलं.

लोड की व्होल्टेज

कागदाशिवाय ७०० अंशांवर तापू शकणाऱ्या जागा मोजक्या. एक, कोअर, म्हणजे पातळ पत्र्यांचा लोखंडी गाभा: त्या पत्र्यांच्या लॅमिनेशनमधला शॉर्ट किंवा कोअरला चुकून दुसऱ्या ठिकाणी मिळालेलं अर्थिंग आणि त्यातून फिरणारा प्रवाह. दोन, उघड्या तांब्याचे सांधे: बुशिंगखालचे (टाकीतून वाहक बाहेर काढणाऱ्या इन्सुलेटरखालचे) बोल्ट, लीडचे जोड, टॅप सिलेक्टरचे कॉन्टॅक्ट. तीन, भरकटलेल्या फ्लक्सने तापणारे टाकीचे किंवा क्लॅम्पचे लोखंडी भाग.

डुवल त्रिकोण यांत फरक करू शकत नाही. कोअरचं चुंबकीय क्षेत्र व्होल्टेजवर चालतं आणि व्होल्टेज दिवसरात्र जवळपास सारखंच. सांध्यातली उष्णता मात्र प्रवाहाच्या वर्गाने बदलते. भरकटलेला फ्लक्सही लोडबरोबर वाढतो, पण तसा तो पहिल्या दिवसापासून त्रास देता, अचानक नव्हे.

एरवी असा प्रयोग करायला लोड हलवायची परवानगी मिळवण्यातच महिना जातो. आमचा प्रयोग आयता झाला. पहिले १४ दिवस १३२ केव्हीच्या बाजूला १९० अँपिअरच्या आसपास प्रवाह होता (पूर्ण क्षमतेचा प्रवाह २१९). मग जोडीदार परत आला आणि प्रवाह ९५वर उतरला. व्होल्टेज तेच, तेलाचं तापमान थोडं कमी. पहिल्या पंधरवड्यात इथिलीन ६२ने वाढलं, दुसऱ्यात ९ने.

हा ९ जपून वाचायला हवा. ३५० पीपीएमवर वायू-क्रोमॅटोग्राफची (वायू वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राची) स्वतःचीच चूक यापेक्षा मोठी असू शकते, म्हणून 'वेग सातपट घटला' असं म्हणायला मी धजावणार नाही. ९ आणि शून्य यांत आमचं मोजमाप फरक करू शकत नव्हतं. ६२ आणि ९ यांत करू शकत होतं, कारण दर वेळी नमुना एकाच व्हॉल्व्हचा, प्रयोगशाळा एकच आणि प्रत्येक वेळी दोन सिरिंज भरलेल्या. एवढ्याने काम भागलं. व्होल्टेज तेच असताना दोष झोपी गेला होता. कोअर सुटला. खात्रीसाठी कोअरच्या अर्थिंग पट्टीवर क्लॅम्प मीटर लावला तर प्रवाह ४ मिलीअँपिअर. दुसरीकडे कुठे अर्थिंग असतं तर तिथे अँपिअर दिसले असते.

उरला सांधा. आणि आता ट्रान्सफॉर्मर बंद करता येत होता.

दोन टक्क्यांच्या आत

बंद करण्याच्या दिवशी सकाळीच एक चूक होता होता राहिली. देखभालीच्या चमूने सवयीप्रमाणे टॅप चेंजर १पासून १७पर्यंत दोनदा फिरवून 'मोकळा' करायचा बेत केला होता. हात जोडून थांबवलं. सांध्यावर थर जमला असेल तर फिरवताना तो घासला जाणार आणि पुरावाच पुसला जाणार. ज्या टॅपवर ट्रान्सफॉर्मर चालत होता, त्या ५व्या टॅपवर आधी मोजायचं, मग पुढचं.

१० अँपिअर डीसी सोडला, वाइंडिंगचं इंडक्टन्स भरून आकडा ठरायची वाट पाहिली आणि एकाच तापमानाला आणलेले रोध लिहिले. आर फेज ०.६३४ ओहम, वाय ०.६४४, बी ०.६३५. ३३ केव्हीच्या बाजूचे तिन्ही सारखे होते.

कमाल आणि किमान यांतला फरक १.६ टक्के. फेजांमधला फरक २ टक्क्यांच्या आत असला की 'ठीक' म्हणायची पद्धत आहे, आणि चाचणीच्या छापील तक्त्यात तसा शेराही पडला. तेलाची गोष्ट माहीत नसती तर मीही सही करून मोकळा झालो असतो. पण ९-१० मिलीओहम जर एकाच ठिकाणी बसले असतील, तर १९० अँपिअरला त्या एका ठिकाणी सव्वातीनशे वॉटच्या पुढे उष्णता. बोटाच्या पेराएवढ्या कॉन्टॅक्टवर तेवढं पुरे.

इथे टॅप चेंजरची रचना मदतीला आली. हा उलटवणाऱ्या प्रकारचा होता. टॅपांचं वाइंडिंग एकच, आणि चेंजओव्हर सिलेक्टर ते मुख्य वाइंडिंगला कधी सुलट जोडतो, कधी उलट. १ ते ८ या टॅपांवर सुलट, १० ते १७वर उलट, आणि ९ला टॅपांचं वाइंडिंग वाटेतच नसतं. म्हणजे ५वा टॅप मधल्यापासून चार पायऱ्या एकीकडे आणि १३वा चार पायऱ्या दुसरीकडे. वेढ्यांची दिशा उलटी, पण तांब्याची लांबी तेवढीच, रोध तेवढाच यायला हवा. तुलनेसाठी शेजारचा फेज घ्यायची गरजच नाही, वाय फेजची तुलना वाय फेजशीच करता येते.

मधली सीमा न ओलांडता आधी ८ ते १ सगळे टॅप मोजले. आठही ठिकाणी वाय फेज ८ ते १० मिलीओहमने जड. सिलेक्टरचे कॉन्टॅक्ट प्रत्येक टॅपला बदलतात, मग दोष त्यांच्यातल्या एखाद्याचा नाही. ९व्या टॅपवर तिन्ही फेज सारखे, मग बुशिंगखालचा बोल्टही निर्दोष, कारण तो तर कायम वाटेत असतो. १३व्या टॅपवर आर ०.६३४, वाय ०.६३५, बी ०.६३५. आठही सुलट टॅपांना समान आणि उलट बाजूला नसलेली गोष्ट एकच: वाय फेजच्या चेंजओव्हर सिलेक्टरचा सुलट बाजूचा कॉन्टॅक्ट.

परत ५व्या टॅपवर आलो. वाय ०.६३८. एकदा सीमा ओलांडून आल्याने थर घासला गेला होता आणि ६ मिलीओहम वाटेतच गळून पडले होते. सकाळी तो दोनदा फिरवला असता तर आम्ही तीन निर्दोष आकडे घेऊन ट्रान्सफॉर्मर पुन्हा चार्ज केला असता, आणि काही महिन्यांनी इथिलीन पुन्हा दारात.

टाकीच्या आत

तेल सिलेक्टरच्या खालपर्यंत काढून स्वच्छ टाकीत ठेवलं, आत कोरडी हवा सोडली, ऑक्सिजन मोजूनच माणूस मॅनहोलमधून उतरला. वाय फेजच्या त्या कॉन्टॅक्टवर काळा, कडक, नखाने न निघणारा कोक, म्हणजे करपलेल्या तेलाचा थर, चढलेला होता. खालचं तांबं खड्डे पडून खरखरीत झालेलं, दाबाची स्प्रिंग उष्णतेने ढिली पडलेली. बाकी दोन फेजांवर नुसता तपकिरी थर, लाखेसारखा. आजूबाजूला कागद नव्हता. मोनॉक्साइड का हलला नाही, याचं उत्तर डोळ्यांसमोर होतं.

हा दोष कसा वाढतो हे सांगण्यासारखं आहे, कारण तो हयगयीने होत नाही, स्थिरतेने होतो. हा ट्रान्सफॉर्मर कित्येक वर्षं ४ ते ७ याच टॅपांत वावरला होता. टॅप बदलत होता, सिलेक्टर फिरत होता, काउंटर हजारोंनी पुढे जात होता आणि नोंदवहीत सगळं छान दिसत होतं. चेंजओव्हर मात्र मधला टॅप ओलांडतानाच हलतो, आणि तशी वेळच आली नाही. गरम तेलात न हलता बसलेल्या कॉन्टॅक्टवर तेलाचा पातळ थर धरतो. थराने रोध वाढतो, रोधाने उष्णता, उष्णतेने थर आणखी जाड. हे चक्र वर्षानुवर्षं अगदी मंद चालतं. जोडीदार बाहेर गेल्यावर लोड वाढला आणि ते भरधाव सुटलं. आणखी लांबलं असतं तर कॉन्टॅक्ट धातूवरून उचलला जाऊन आर्क सुरू झाला असता, आणि मग ॲसिटिलीनच्या १०च्या मर्यादेपर्यंत पोचायला किती तास लागले असते कोण जाणे.

वाय फेजचे कॉन्टॅक्ट आणि स्प्रिंग बदलले, बाकीचे साफ केले, तेल व्हॅक्यूमखाली डीगॅस करून परत भरलं. चार्ज करताना इथिलीन ६ होतं. महिन्याने २१. फोन वाजायला लागले.

हे अपेक्षित होतं आणि चार्ज करण्याआधीच मी तसं लेखी कळवलं होतं, तरी लोक घाबरले. डीगॅस होतं ते टाकीतून काढलेलं तेल. कागदात, प्रेसबोर्डमध्ये मुरलेलं जुनं तेल तसंच राहतं आणि आपल्यातला वायू हळूहळू बाहेर सोडतं. एकूण तेलाचा सहा टक्के भाग मुरलेला धरला, तर ३६१चे सहा टक्के म्हणजे २२. तेवढं वर येणारच. खरा प्रश्न एवढाच की ते तिथे थांबतं का. तीन महिन्यांनी २४, सहा महिन्यांनी २४, तोही १८० अँपिअरवर.

जोडीदाराचं तेलही त्याच सुमारास तपासलं. इथिलीन ३०, काळजीचं काही नाही. तरी पुढच्या आउटेजला त्याचेही रोध, टॅप चेंजर न फिरवता, दोन्ही बाजूंनी मोजले. सुलट बाजूला आर फेज ४ मिलीओहमने जड होता. व्होल्टेज नसताना त्याला मधल्या टॅपावरून वीस वेळा इकडून तिकडे नेलं आणि पुन्हा मोजलं: तिन्ही फेज सारखे. दोन्ही ट्रान्सफॉर्मरांच्या नोंदवहीत आता काउंटरच्या शेजारी आणखी एक रकाना आहे, '९ ओलांडल्याची शेवटची तारीख'.